मातीच्या गोण्यांचे घर: वसई-विरारमध्ये बांधण्याआधी काय तपासाल?

गोण्यांत माती भरून, त्या एकावर एक रचून घर बांधता येते का, ही विचारणा वसई-विरार पट्ट्यातले वाचक सतत करत असतात. कोणाची पारोळ-शिरवलीकडे शेती आहे आणि तिथे राहण्यापुरती एक खोली हवी आहे. कोणाला आगाशी-अर्नाळ्याच्या वाडीतल्या जुन्या घराच्या जागी नवे घर उभे करायचे आहे. आणि कोणी सदनिकांचे दर ऐकून हबकलेले असतात. एखादा गुंठा घेऊन आपल्या हाताने घर उभारू, असे त्यांनी मनात धरलेले असते. परिस्थिती वेगळी असली तरी सगळ्यांचे प्रश्न तेच: परवानगी लागते का, आपल्या पावसात टिकेल का, आणि खरोखर स्वस्त पडते का?

उत्तर आधीच देतो. परवानगी लागते, भिंत कशाचीही असो. जोते उंच असेल, छप्पर उतरते असेल आणि गोणीला ऊन-पाणी लागत नसेल, तर घर टिकते. स्वस्त पडतात त्या फक्त भिंती; पाया, छप्पर, दारे-खिडक्या, वीज आणि नळकाम यांचा खर्च नेहमीइतकाच येतो. कधी पाया थोडा जास्तच खातो. आता एकेक गोष्ट पाहू.

पद्धत नेमकी काय?

पावसाळा संपला की ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालतात, तो तुम्ही पाहिला असेल. कदाचित श्रमदानात घातलाही असेल. गोण्यांच्या घराचे मूळ तेच आहे. फरक इतकाच की बंधारा पुढच्या पावसात वाहून गेला तरी चालते. घराचे तसे नाही. म्हणून इथे माती निवडून, मोजून ओलावून भरतात, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून घट्ट करतात आणि दोन थरांमध्ये काटेरी तार टाकतात. तारेचे काटे वरच्या आणि खालच्या गोणीत रुततात आणि थर सरकू देत नाहीत. शेवटी दोन्ही बाजूंनी गिलावा.

ही पद्धत जगापुढे आणली ती मूळचे इराणचे वास्तुविशारद नादर खलिली यांनी. कॅलिफोर्नियातल्या हेस्पेरिया गावी त्यांनी गोण्यांचे आणि लांब नळीसारख्या पिशव्यांचे घुमट बांधून त्यांच्या चाचण्या करून घेतल्या. या निवाऱ्यांना २००४ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपात सिंधुपालचोकसारख्या उद्ध्वस्त झालेल्या जिल्ह्यातही गोण्यांच्या काही इमारती उभ्या राहिल्या. तेव्हापासून भारतातही या पद्धतीबद्दल कुतूहल वाढले.

पण हेस्पेरिया वाळवंटात आहे, आणि वसईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. यातून दोन निर्णय निघतात.

पहिला, घुमट नको. चित्रात तो फार देखणा दिसतो, पण घुमटाला वळचण नसते. भिंत हेच छप्पर, आणि चार महिने पाऊस थेट तिच्यावर. गिलाव्याला एक केसभर चीर गेली की पाणी आत. आपल्याकडे सरळ भिंती, वर कौलारू किंवा पत्र्याचे उतरते छप्पर, हाच आकार योग्य.

दुसरा निर्णय गारव्याबद्दलचा. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि रात्री सोडते. वाळवंटात दिवस तापतो आणि रात्र गार पडते, म्हणून तिथे याचा मोठा फायदा. किनाऱ्यावर रात्रीही हवा दमटच असते. इथे गारवा मिळतो तो समोरासमोरच्या खिडक्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याने आणि पडवीच्या सावलीने. तेव्हा भिंत जाड केली म्हणून खिडक्या लहान करू नका.

आधी जमीन पाहा, गोण्या नंतर

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. "मातीचे घर म्हणजे कच्चे बांधकाम, त्याला कोण विचारतो?" असे सांगून जमीन विकणारे भेटतात. हे साफ खोटे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार बांधकाम म्हणजे बांधकाम. भिंत सिमेंटची आहे की मातीची, याने फरक पडत नाही. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या, तेव्हा तिथे राहणाऱ्यांचे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. घरे त्यांनी पैसे मोजूनच घेतली होती.

म्हणून इसार देण्याआधी या गोष्टी स्वतः तपासा:

- सातबारा आणि फेरफार. खातेदार कोण, इतर हक्कांत काय नोंदी आहेत, भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते पाहा. वर्ग २ असेल तर विक्रीवर अटी असतात. जुने फेरफार काढून जमीन विकणाऱ्याकडे कशी आली ते वाचा.
- आदिवासी खातेदाराची जमीन. पालघर जिल्ह्यात ही शक्यता कायम लक्षात ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार अशी जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही; विक्रीसाठी शासनाची मान्यताही लागते. "नोटरी करून देतो", "नव्याण्णव वर्षांचा करार करू" अशा वाटेला जाऊ नका. पैसे जातात आणि जमीनही परत जाते.
- भाग दाखला. ही जमीन निवासी विभागात आहे, हरित पट्ट्यात आहे की एखाद्या आरक्षणाखाली, हे नगररचना विभागाच्या दाखल्यावरूनच कळते. विकणाऱ्याने दाखवलेल्या रंगीत नकाशावर विसंबू नका.
- किनारा आणि खाडी. अर्नाळा, राजोडी, कळंब, रानगाव, वसई खाडीकाठ या भागांत सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होऊ शकतात. कांदळवनाच्या जवळ तर विचारसुद्धा करू नका.
- तुंगारेश्वर. अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. पूर्वेकडची जमीन घेताना गट क्रमांक त्यात येतो का, हे वन विभागाकडून लेखी घ्या.
- गुंठेवारी. शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदी कायद्यात अडकतो का, ते वकिलाला विचारा. "सगळेच घेतात" हे उत्तर धरू नका.

ज्यांच्याकडे स्वतःची शेतजमीन आहे त्यांना शेतघराचा पर्याय आहे. त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे क्षेत्र, जमीन प्रत्यक्ष लागवडीखाली असणे आणि महसूल खात्याची परवानगी, या गोष्टी लागतात. गावठाणात घर असेल तर रस्ता सोपा आहे. पण तिथेही जुन्या घराच्या जागी नवे बांधताना मंजुरी घ्यावीच लागते.

परवानगी कोणाकडे मागायची?

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. त्यातल्या २९ गावांच्या समावेशाचा वाद वर्षानुवर्षे चालला, त्यामुळे आपले गाव नक्की कोणाच्या हद्दीत, हा गोंधळ अजूनही अनेकांच्या मनात आहे. ऐकीव माहितीवर जाऊ नका. महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा तहसील कार्यालयात गट क्रमांक देऊन "नियोजन प्राधिकरण कोणते?" एवढा एकच प्रश्न लेखी विचारा.

राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि वसई-विरार तिच्याखाली येते. सामासिक अंतरे, चटईक्षेत्र, जोत्याची उंची यांचे नियम तिथे मिळतात. गोण्यांच्या भिंतीसाठी भारतीय मानक संस्थेचे स्वतंत्र मानक नाही. मग नकाशा मंजूर व्हायचा कसा? इथे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ कामी येते. नवी किंवा पर्यायी पद्धत पुरेशी मजबूत असल्याचे सिद्ध केल्यास प्राधिकरण तिला मान्यता देऊ शकते, अशी तरतूद तिच्यात आहे. सिद्ध करण्याचे काम संरचना अभियंत्याचे. जवळची मानके त्याच्यासमोर ठेवा: मातीच्या इमारतींच्या भूकंपसुरक्षेसाठी आयएस १३८२७ आणि स्थिरीकृत मातीच्या विटांसाठी आयएस १७२५.

ज्याने मातीचे काम कधी केलेले नाही असा अभियंता सही द्यायला कचरेल. ते बरोबरच आहे. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, मातीचे काम जाणणारा वास्तुविशारद शोधणे. आपल्याच जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या मुरबाड गावातून 'डिझाइन जत्रा' हा वास्तुविशारदांचा गट पारंपरिक सामग्रीने बांधतो. वर्ध्याचे सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आणि पुदुच्चेरीजवळची ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट या जुन्या, अनुभवी संस्था आहेत. दुसरी वाट अधिक व्यवहारी: भार काँक्रीटच्या किंवा दगडी खांबांवर घ्यायचा आणि गोण्या फक्त मधल्या भरावासाठी वापरायच्या. यात बचत घटते, पण अभियंत्याला छपराचा भार कुठून कुठे जातो ते कागदावर दाखवता येते. महापालिका हद्दीत मला हीच वाट शहाणपणाची वाटते.

तुमचे हक्कही ठाऊक असू द्या:

- पूर्ण कागदपत्रांसह अर्ज दिल्यावर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मुदत उलटली तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. पण तुमचा नकाशा नियमांत बसत असेल तरच. नियमाबाहेरच्या कामाला हे कलम वाचवत नाही.
- अर्ज नाकारला किंवा जाचक अट घातली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येते. कारणे लेखी मागा.
- भाग दाखला, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. मुदतीची मोजणी पोचपावतीवरून होते.

घरकुल योजनेतून बांधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात "पक्के घर" म्हणजे साधारण झीज सोसून किमान ३० वर्षे टिकेल असे घर. स्थानिक सामग्रीला तिथे मनाई नाही, पण हप्ता सुटतो तो अभियंत्याने टप्पा पाहून नोंदवल्यावर. गोणीची भिंत पाहून त्याने हात वर केले तर हप्ता अडकेल. म्हणून पहिला हप्ता खर्च करण्याआधी पंचायत समितीच्या अभियंत्याकडून पद्धतीला लेखी होकार घ्या. कर्ज काढणार असाल तर बँकेच्या मूल्यांकनकारालाही आधीच भेटा.

माती: वसईत तीन पट्टे, तीन उत्तरे

गोणीत कुठलीही माती चालते, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. चांगल्या मिश्रणात साधारण पंचवीस ते तीस टक्के चिकणमाती आणि बाकी वाळू-बारीक खडा असतो. चिकणमाती कमी पडली तर गोणी ठोकूनही आत भुसभुशीत राहते. जास्त झाली तर सुकताना आकसते आणि भिंतीत पोकळी पडते.

पूर्व पट्टा (कामण, पोमण, पारोळ, शिरवली, मांडवी): इथला तांबूस मुरूम या कामाला सर्वांत जवळचा. चाळून मोठे दगड काढले की बहुधा चालतो.

पश्चिमेच्या वाड्या (आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास): माती रेताड आणि पोयट्याची. वरची फूटभर काळसर माती पाल्यापाचोळ्याने भरलेली असते, ती घरासाठी नको. ती केळी-फुलांच्या वाडीतच राहू द्या. खालच्या रेताड थरात बाहेरून चिकणमाती मिसळावी लागते.

मधला खाजण आणि मिठागरांचा पट्टा: इथली माती वापरूच नका. ती खारट आहे. भिंत उभी राहील, पण दोन पावसाळ्यांत गिलाव्याला लोणा लागेल, पापुद्रे सुटतील आणि काटेरी तार गंजेल. समुद्राची वाळूही याच कारणाने नको. शिवाय ती उपसणे हा गुन्हा आहे.

माती तपासायला प्रयोगशाळा नंतर. आधी या घरगुती चाचण्या करा.

1. बरणीची चाचणी. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ. झाकण लावून खूप हलवा आणि एक दिवस ठेवा. तळाला खडा-वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात. पट्टीने मोजा.
2. गोळ्याची चाचणी. ओलसर मातीचा मुठीएवढा गोळा घट्ट दाबून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. दोन-चार मोठे तुकडे झाले तर ओलावा योग्य. भुगा झाला तर पाणी कमी आहे. चपटा होऊन चिकटला तर जास्त.
3. नमुन्याची गोणी. हीच खरी चाचणी. तीन-चार वेगवेगळी मिश्रणे भरून ठोका, सावलीत आठ-पंधरा दिवस सुकू द्या, मग गोणी कापून काढा. आतला ठोकळा कडांसकट शाबूत राहिला, खिळा सहज घुसला नाही, तर मिश्रण जमले.

बाहेरून मुरूम किंवा माती आणताना वाहतूक परवाना आणि रॉयल्टीची पावती मागा. बेकायदा उत्खननाला महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि ट्रक पकडला गेला तर "मला माहीत नव्हते" चालत नाही. स्वतःच्या शेतातून माती काढणार असाल तरी आधी तहसील कार्यालयात विचारा.

पाण्याशी तडजोड नाही

जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा कसे बुडाले, मिठागरांत माणसे कशी अडकली, हे विसरण्याजोगे नाही. सिमेंट न मिसळलेली मातीची गोणी दोन दिवस पाण्यात उभी राहिली तर तिची ताकद जाते. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा शेजाऱ्यांच्या भिंतींवर २०१८ च्या पाण्याची खूण कुठवर आहे ते विचारा. जोते त्याच्या वर गेले पाहिजे. खूण तीन फुटांवर असेल तर त्या जागेवर हे घर बांधू नका. सगळी बचत जोत्यातच जाईल.

जोत्यासाठी काळा दगड घ्या, गोण्यांची हौस इथे करू नका. जोत्यावर पहिले दोन-तीन थर मातीऐवजी बारीक खडीच्या गोण्यांचे लावा, दुहेरी गोणी वापरून. खडीतून ओल वर चढत नाही. त्यावरच्या एक-दोन थरांत मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट किंवा चुना मिसळा.

वर छपराची वळचण भिंतीपासून निदान अडीच-तीन फूट बाहेर हवी. पागोळ्यांचे पाणी जिथे पडते तिथे चर काढून ते दूर न्या. आपल्याकडे पाऊस नुसता वरून येत नाही, नैर्ऋत्येकडून झड मारतो. जुनी माणसे पश्चिमेच्या अंगाला पडवी काढायची किंवा झावळ्यांच्या ताट्या बांधायची, ती याचसाठी. तुमच्या घरालाही त्या बाजूला पडवी द्या. भिंत वाचते आणि बसायला जागाही होते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ज्यांचे पत्रे नुसते टेकवलेले होते त्यांचे उडाले. छप्पर माथ्यावरच्या पट्ट्यात बोल्टने जखडलेले हवे.

काम कोणत्या क्रमाने करायचे

1. गोण्या. विणलेल्या प्लास्टिकच्या, ५० किलो धान्याच्या किंवा सिमेंटच्या मापाच्या, सगळ्या एकाच आकाराच्या घ्या. जुन्या चालतील, पण उन्हात पडलेल्या नकोत. नखाने खरवडून पाहा. धागा भुरभुरला तर टाकून द्या. तागाच्या गोण्या आपल्या दमट हवेत कुजतात.
2. भरणे. गोणी भिंतीवरच भरा. खाली भरून वर उचलायचे ठरवले तर कंबर मोडेल. डबड्याने माती ओता आणि कोपरे आत दुमडा, म्हणजे टोके फुगणार नाहीत. तोंड पाकिटासारखे दुमडून आधीच्या गोणीच्या बुडाला भिडवा.
3. सरकवणे. खाली काटेरी तार असल्यामुळे गोणी एकदा टेकली की हलत नाही. म्हणून तारेवर गुळगुळीत पत्र्याचा तुकडा ठेवतात, त्यावर गोणी भरून नीट बसवतात आणि मग पत्रा झटक्यात ओढून घेतात.
4. ठोकणे. पूर्ण थर झाल्यावर धुम्मसाने ठोका. सुरुवातीला आवाज बोदा येतो, माती घट्ट झाली की टणक येतो. तो बदलेपर्यंत थांबू नका. थर साधारण पाच इंचांवर येतो.
5. सांधेमोड. वीटकामासारखीच. खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी यावी. प्रत्येक थरावर काटेरी तारेच्या दोन ओळी.
6. आधार. लांब भिंतीला दर दहा-बारा फुटांवर आडवी भिंत किंवा धिरा. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान तीन फूट दूर.
7. पट्टे. जोत्यावर, दाराच्या माथ्यावर आणि भिंतीच्या डोक्यावर सळईसह काँक्रीटचा सलग पट्टा.

सातव्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण "मातीच्या घरात सिमेंट कशाला?" असा हट्ट काही जण धरतात. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा दुंदलवाडी परिसरातली माणसे रात्री घराबाहेर झोपत होती. १९९३ मध्ये किल्लारीत हजारो माणसे गेली, ती न बांधलेल्या जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या जड माळवदांखाली. भिंत जाड असणे म्हणजे मजबूत असणे नव्हे. ती चारही बाजूंनी एकत्र बांधलेली हवी आणि डोक्यावरचे ओझे हलके हवे. पट्ट्यांचे पैसे वाचवू नका. मजलाही चढवू नका. हे घर तळमजल्याचेच.

विजेच्या नळ्या गिलाव्याआधी बसवा. दाराच्या चौकटी आणि फडताळे अडकवण्यासाठी लाकडी ठोकळे थरांत आधीच घाला, नंतर गोणी फोडली की माती गळत राहते. लाकडाला वाळवीचे औषध लावूनच बसवा.

गिलावा लांबवू नका. प्लास्टिकची गोणी उन्हात काही महिन्यांत विटते. काम चालू असताना भिंत ताडपत्रीने झाका आणि भिंत पूर्ण होताच बाहेरून कोंबडजाळी तारेने बांधून गिलावा करा. माझी पसंती चुन्याला. चुना थोडी ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा कडक थर चिरेतून शिरलेले पाणी आत कोंडतो. आतून माती-चुन्याचा गिलावा पुरतो.

हिशेब एका खोलीचा

आतून १५ बाय २० फुटांची, आठ फूट उंच भिंतींची खोली धरू. भिंत १५ इंच जाड. दारे-खिडक्या वजा करता:

- गोण्या: सुमारे ६०० ते ६५०
- सैल माती: सुमारे ८ ब्रास
- काटेरी तार: सुमारे ७५० मीटर
- ठोकलेल्या भिंतींचे वजन: ३० टनांहून जास्त

हे तीस टन माणसांच्या हातांनीच चढायचे आहेत. घरचे चार लोक सुटीच्या दिवशी येऊन करतील, असा बेत आखू नका. मजुरी ही या घराची सर्वांत मोठी रक्कम असते. घरचे किंवा गावातले हात मनापासून लागणार असतील तरच भिंत खरोखर स्वस्त पडते.

दुसरा हिशेब जागेचा. आतून ३०० चौरस फुटांची ही खोली गिलाव्यासकट बाहेरून ४०० हून जास्त चौरस फूट जागा घेते. भिंतींतच शंभरावर फूट गेले. नऊ इंची वीटकामात साठएक गेले असते. चटईक्षेत्र आणि सामासिक अंतरे बाहेरच्या मापाने मोजतात. त्यामुळे गुंठा-दीड गुंठ्याच्या जागेत हे घर बांधणे मला पटत नाही. शेतावर, मोठ्या वाडीत जागेची अडचण नसते, तिथे ते शोभते.

दुसरे काही बरे पडेल का?

अनेकदा पडते. पूर्व भागात कारवीचा कुड आणि शेण-मातीचा लेप ही आदिवासी पाड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. भिंत हलकी, पाया लहान, दुरुस्ती घरच्या घरी. शेतावरच्या राखणीच्या खोलीसाठी गोण्यांपेक्षा कुड सरस. राहत्या घराला मंजुरी आणि कर्ज दोन्ही हवे असेल, तर यंत्राने दाबलेल्या स्थिरीकृत मातीच्या विटा पाहा. त्यांना मानक आहे, भिंत पातळ होते आणि गवंड्याला वीटकाम येतच असते. गोण्या घ्याव्यात त्या तिथे, जिथे जागा मोकळी आहे, चांगला मुरूम हाताशी आहे आणि कष्ट करणारी माणसे आहेत.

ठेकेदाराशी लेखी बोला

"चार लाखांत चावी देतो" असे म्हणणाऱ्याला विचारा: यात जोते, छप्पर, पट्टे, गिलावा, वीज, संडास धरले आहेत का? करारात मातीचे मिश्रण, थराची जाडी, तारेच्या ओळी, पट्ट्यांची मापे लिहून घ्या. पैसे टप्प्याने द्या: जोते, खिडकीची उंची, माथ्याचा पट्टा, छप्पर, गिलावा. पहिला पावसाळा उलटेपर्यंत काही रक्कम हातात राखून ठेवा. गळती कुठे आहे ते जुलै सांगतो. त्याने आधी बांधलेले, निदान दोन पावसाळे काढलेले घर पाहायला मागा आणि तिथे राहणाऱ्यांशी बोला. काम अर्धवट टाकले किंवा निकृष्ट केले तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण त्यासाठी करार, पावत्या आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे हवीत. पावतीशिवाय रोखीने दिलेले पैसे सिद्ध करणे अवघड जाते.

वेळापत्रक

आपल्याकडे बांधायला मिळतात ते दिवाळीपासून मेपर्यंतचे महिने. डिसेंबरअखेर जोते, मार्चअखेर भिंती आणि माथ्याचा पट्टा, एप्रिलअखेर छप्पर, मेच्या मध्यापर्यंत बाहेरचा गिलावा. यातला एक टप्पा जरी महिनाभर मागे पडला तरी उघडी भिंत पावसात सापडते. येत्या दिवाळीला नारळ फोडायचा असेल, तर भाग दाखल्याचा अर्ज या पावसाळ्यातच टाका आणि मंजूर नकाशा हाती येईपर्यंत एकही गोणी विकत घेऊ नका.